शिडींतील गाळलेली पायरी

२६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगड येथें भारतीय हवाई दलानें मिग-२१ या आपल्या जुन्या लढाऊ विमानास समारंभपूर्वक निरोप दिला. या जातीच्या विमानांचें पहिलें पथक १९६३ मध्यें याच चंडीगडास उभें राहिलें होतें. सरकारी नोकर साठीस घरीं बसतो; या यंत्रानें बासष्ट वर्षें चाकरी केली. निरोपाच्या प्रसंगीं त्याचे गुण गाइले गेले, व तें योग्यच झालें. १९७१ च्या डिसेंबरांत ढाक्याच्या राजभवनावर अचूक मारा करून शत्रूच्या राज्यकारभाराचें अवसान ज्यांनीं घालविलें, त्यांत हींच विमानें पुढें होतीं. परंतु आम्हांस या निमित्तानें यंत्राविषयीं लिहावयाचें नाहीं. तें यंत्र चालविण्यास जीं विशी-बाविशींतलीं मुलें बसलीं, त्यांना त्या बैठकीपर्यंत कोणत्या वाटेनें नेण्यांत आलें, आणि त्या वाटेंत काय उणें होतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. विमान पैसे टाकून विकत घेतां येतें. वैमानिक मात्र घडवावा लागतो, आणि घडविण्याचें काम जेथें घाईनें किंवा काटकसरीनें होतें, तेथें त्याचें मोल कोण भरतो, हा या इतिहासांतला खरा प्रश्न आहे.

विमान चालविणें ही शिकवितां येण्याजोगी विद्या आहे, कीं तें केवळ उपजत धाडसाचें काम आहे, याविषयीं शंभर वर्षांपूर्वीं खुद्द इंग्लंडांतही मोठा घोळ होता. पहिल्या महायुद्धांत शत्रूचें तोंडही न पाहतां शिकतां शिकतांच मेलेल्या तरुणांची संख्या मन सुन्न करणारी होती. १९१७ मध्यें रॉबर्ट स्मिथ-बॅरी नांवाच्या अधिकाऱ्यानें गॉसपोर्ट येथें एक शाळा चालविली आणि शिकविण्याची रीतच पालटून टाकली. तोंवर शिक्षक विद्यार्थ्यास धोक्यापासून दूर ठेवीत. स्मिथ-बॅरीनें गुरु व शिष्य या दोघांपुढें विमान हांकण्याचीं जोडयंत्रें ठेवलीं, दोघांमध्यें बोलण्याची नळी बसविली, आणि गुरूनें शिष्यास मुद्दाम संकटांत न्यावें व त्यांतून बाहेर पडण्याची युक्ति त्याच्याच हातून करवून घ्यावी, असा परिपाठ घातला. संकट टाळल्यानें विद्यार्थी सुरक्षित होत नाहीं. संकटांतून सुटण्याची वाट हातांत बसली म्हणजे तो सुरक्षित होतो, हें यांतलें तत्त्व होय.

या तत्त्वाच्या पोटांत दोन अटी आहेत. पहिली ही कीं, कठीण धडा प्रथम घेतांना गुरु पाठीशीं असला पाहिजे. दुसरी ही कीं, उद्यांचा धडा आजच्या धड्याहून कठीण असावा, पण थोडाच. आपल्याकडच्या तालमींतल्या वस्तादास हें कोणी सांगावें लागत नाहीं. पोरास तो आधीं त्याच्या जोडीचा गडी देतो, मग किंचित् वजनदार देतो. पहिल्याच वर्षीं नामांकित मल्लाच्या हातीं त्याला कोणी सोंपवीत नाहीं. आकाशांतल्या विद्येलाही हाच न्याय लागू आहे. फरक एवढाच कीं, हौद्यांत चूक झाली तर पाठ लागते, आणि आकाशांत चूक झाली तर बहुधा दुसरी कुस्ती होत नाहीं.

झोतयंत्राचीं, म्हणजे जेट, विमानें आल्यावर हा न्याय अधिकच कठोर झाला. ताशीं नऊशें किलोमीटर वेगानें जाणारें विमान एका सेकंदांत अडीचशें मीटर तोडतें. नजर कोष्टकावर जाऊन परत येईतों बरेंच अंतर मागें पडतें. अशा वेळीं विचार करून हात हलविण्यास अवकाशच नसतो. हातानें विचार आधींच शिकून ठेवलेला असावा लागतो. हें ज्ञान पाश्चात्त्य देशांसही फुकट मिळालें नाहीं. १९५२ या एका वर्षांत ब्रिटिश हवाई दलानें मीटिऑर जातीचीं सुमारें दीडशें विमानें अपघातांत गमावलीं. या अनुभवानंतर त्या देशानें हळूहळू शिक्षणाची एक शिडीच बांधली: प्रथम पंख्याचें हलकें विमान, मग सौम्य जेट, मग वेगवान् जेट, पण तेंही दोन बैठकींचें, आणि त्यानंतरच लढाऊ विमान. १९६२ मध्यें नॅट या चपळ विमानाचें दोन बैठकींचें रूप त्यांनीं या शेवटल्या पायरीसाठीं आणलें, आणि १९७६ पासून त्याच्या जागीं हॉक हें विमान आलें.

आपल्या देशांत जेट विमान आलें तें १९४८ च्या नोव्हेंबरांत. व्हँपायर हें त्याचें नांव. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत तूफानी, मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा व नॅट अशीं अनेक विमानें आलीं, आणि या विविधतेंतून आपली शिडी जणूं आपोआपच उभी राहिली. बंगलोरास तयार झालेलें एच्‌टी-२ हें पहिल्या धड्याचें विमान १९५१ मध्यें प्रथम उडालें. त्यावर हात बसलेला विद्यार्थी पुढें हार्वर्डवर जाई, मग दोन बैठकींच्या व्हँपायरवर, आणि कांहींजण तेथून हंटरवर. हंटर हें वेगवान् खरें, पण स्वभावानें सरळ विमान होतें. नवशिक्याची एखादी चूक तें पोटांत घाली. त्याचेंही दोन बैठकींचें रूप आपल्यापाशीं होतें. ही शिडी कोणी मोठी योजना आंखून बांधलेली नव्हती, आणि म्हणूनच तिची एक पायरी निखळली तेव्हां ती लगेच कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

१९६२ मध्यें सोव्हिएट देशाशीं करार होऊन मिग-२१ आपल्याकडे आलें. ध्वनीच्या दुप्पट वेगानें जाणारें हें विमान त्या काळांतलें एक आश्चर्यच होतें. आंखूड त्रिकोणी पंख, बाणासारखें निमुळतें शरीर, आणि उंच चढण्याचा विलक्षण वेग. परंतु जे पंख ध्वनीपलीकडे सुरेख चालतात, ते मंद गतींत फारसा आधार देत नाहींत. या विमानास धावपट्टीवर टेकतांना ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक वेग राखावा लागे. शक्ति थोडी लौकर कमी केली कीं तें दगडासारखें खालीं येऊं लागे. त्याचें दोन बैठकींचें रूप होतें, पण त्यांत मागें बसलेल्या गुरूस समोरची धावपट्टी इतकी अपुरी दिसे कीं, ती दिसावी म्हणून वर आरशाची नळी बसवावी लागली होती. थोडक्यांत, हें विमान लढण्यासाठीं जन्मलें होतें, शिकविण्यासाठीं नव्हे.

प्रारंभीं याचा त्रास जाणवला नाहीं, आणि त्याचें कारण साधें होतें. पहिल्या पथकासाठीं जे वैमानिक सोव्हिएट देशांत जाऊन शिकून आले, ते दुसऱ्या जेट विमानांवर मुरलेले होते. त्यांचे नायक दिलबागसिंग पुढें १९८१ मध्यें हवाई दलाचे प्रमुख झाले. अशा हातांत हें तापट घोडें शोभलें. परंतु पुढें विमानांची संख्या वाढली. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यांत हीं विमानें बांधलीं जाऊं लागलीं, आणि तेथून सहाशेंहून अधिक बाहेर पडलीं. देशाच्या हवाई दलाचा कणाच या एका जातीचा बनला. कणाच तो झाल्यावर शिकून निघालेल्या नव्या मुलांस त्यावरच पाठविणें भाग झालें. आणि इकडे व्हँपायर व हंटर म्हातारे होऊन एकामागून एक गळत चालले.

आतां शिडी कशी उरली तें पाहावें. विद्यार्थी किरण नांवाच्या आपल्याच बनावटीच्या विमानावर जेटचा पहिला धडा घेई. हें १९६४ मध्यें प्रथम उडालेलें, गुणी, पण सौम्य विमान. वेग ताशीं सातशें किलोमीटरांच्या आंतला. कांहींजण पोलंडहून आणलेल्या इस्क्रा विमानावर शिकत. तेंही त्याच तोलाचें. आणि त्यानंतर? त्यानंतर एकदम मिग-२१. ऐशींच्या दशकांत आसामांत तेजपूर येथें मिगवरच्या शिक्षणासाठीं एक स्वतंत्र केंद्र उभें करण्यांत आलें, म्हणजे ज्या यंत्रावर लढावयाचें त्यालाच शाळेचें रूप देण्यांत आलें. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, थोड्याशा तासांचा अनुभव, खालीं ब्रह्मपुत्रेचें खोरें, अंगावर येणारे पावसाळी ढग, आणि हातांत तें विमान. दोन पायऱ्यांमध्यें जेवढें अंतर असावें त्याच्या दुप्पट अंतर त्यास एका उडींत तोडावयाचें होतें.

ही गोष्ट हवाई दलाच्या लक्षांत आली नव्हती, असें मुळींच नाहीं, आणि या इतिहासांतला अत्यंत कटु भाग हाच आहे. अपघातांची मालिका पाहून एअर मार्शल ला फाँटेन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तिनें १९८२ मध्येंच स्पष्ट सांगितलें कीं, किरण आणि मिग यांच्यामध्यें वेगवान् शिक्षण-विमानाची पायरी हवी. रोग ओळखला गेला, औषधही लिहून दिलें गेलें. समितीचे अध्यक्ष स्वतःच १९८५ ते १९८८ या काळांत हवाई दलाचे प्रमुखही होते. तरी औषध आलें नाहीं. कधीं पैशाची चणचण, कधीं कोणत्या देशाचें विमान घ्यावें हा वाद, कधीं सरकारांची उलथापालथ. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद फिरत राहिले. १९९७ मध्यें डॉ. अब्दुल कलाम यांच्या समितीनें लढाऊ विमानांच्या अपघातांचा पुन्हां अभ्यास केला. हॉक विमानांचा करार अखेर झाला तो २००४ च्या मार्चांत. एकंदर सहासष्ट विमानें. त्यांपैकीं चोवीस ब्रिटनहून तयार यावयाचीं व बेचाळीस बंगलोरास बांधावयाचीं. तोंवर निकड इतकी झाली होती कीं, विमानें येण्यापूर्वींच आपले कांहीं शिकाऊ वैमानिक ब्रिटनमधील व्हॅलीच्या शाळेंत धाडावे लागले. बीदर येथें हॉक प्रत्यक्ष दाखल झालें तें २००८ च्या फेब्रुवारींत. १९८२ पासून मोजलें तर छव्वीस वर्षें झालीं. जो मुलगा समितीच्या अहवालाच्या दिवशीं जन्मला, तो त्या सबंध काळांत शाळा संपवून, प्रबोधिनींतून बाहेर पडून, मिग उडवून कांहीं वर्षें झालेला असूं शकत होता.

या छव्वीस वर्षांचें मोल किती? २०१२ मध्यें संरक्षणमंत्र्यांनीं संसदेस जी माहिती दिली, तीप्रमाणें घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकीं ४८२ विमानांस सत्तरीच्या दशकारंभापासून त्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत अपघात झाले, व त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक प्राणांस मुकले. या सर्वांचें खापर एका गाळलेल्या पायरीवर फोडणें हा अन्याय होईल. एकाच इंजिनाचें हें विमान. तें बंद पडलें कीं दुसरा आधार नाहीं. तळांभोंवतीं पक्ष्यांचे थवे असतात. १९९१ मध्यें सोव्हिएट राज्य मोडलें तेव्हां सुट्या भागांची आबाळ झाली. शिवाय विमानांची संख्या व उड्डाणांचे तासही मोठे होते. हीं सर्व कारणें खरीं आहेत. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, ज्या संकटास अनेक कारणें असतात, त्यांतलें जें कारण आपल्या हातचें असतें त्याची जबाबदारी इतर कारणें मोजून कमी होत नाहीं. पक्ष्यांवर आपला हुकूम चालत नाहीं; शिक्षणाचें विमान घेणें न घेणें मात्र आपल्याच हातीं होतें.

दुसऱ्या एका देशाचें उदाहरण येथें घेण्याजोगें आहे. पश्चिम जर्मनीनें साठीच्या दशकांत एफ्-१०४ स्टारफायटर जातीचीं नऊशेंहून अधिक विमानें घेतलीं. मिगसारखेंच हें वेगाचें व आंखूड पंखांचें तापट यंत्र. तेथील वैमानिक तें शिकत अमेरिकेंतील ॲरिझोनाच्या निरभ्र वाळवंटांत, आणि चालवीत उत्तर युरोपच्या ढगाळ, ओल्या हवेंत. अपघातांचा कहर झाला; या विमानाच्या सबंध कारकीर्दींत २९२ विमानें पडलीं व ११६ वैमानिक मेले. परंतु वृत्तपत्रें व लोकसभा खवळून उठली, आणि १९६६ मध्यें योहान्नेस स्टाइनहोफ हे हवाई दलाचे प्रमुख झाल्यावर देखभाल व शिक्षण या दोहोंची कसून फेरमांडणी झाली व अपघात उतरणीस लागले. तेथेंही माणसें मेलीं. पण दोष दिसल्यावर तो दुरुस्त करण्यास तेथें पाव शतक लागलें नाहीं.

आपल्याकडे अपघाताच्या चौकशींत एक शब्दप्रयोग वारंवार येतो, तो म्हणजे 'मानवी चूक'. तो खोटा आहे असें नाहीं. ढगांत दिशाभूल होऊन मुलगा जमिनीवर आदळला, तर शेवटची चूक त्याच्याच हातून घडलेली असते. परंतु शेवटची चूक ही एकमेव चूक नसते. ज्यानें त्याला ती पायरी दिली नाहीं, तोही मानवच, आणि त्याची चूकही मानवीच. फक्त पहिलीचें नांव अहवालांत येतें आणि दुसरीचें येत नाहीं; कारण दुसरी चूक कोणा एकाची नसून अनेक सह्यांमध्यें वांटलेली असते. २००१ मध्यें राजस्थानांत सुरतगड येथें रात्रीच्या उड्डाणांत मुंबईचा एक तरुण मराठी अधिकारी मिगसह गेला. त्याच्यावर आलेला ठपका आईबापांस मान्य झाला नाहीं, आणि त्यांनीं हा प्रश्न वर्षानुवर्षें उघडपणें देशापुढें मांडला. मुलगा तर परत येणार नव्हता. ती धडपड त्याच्या नांवासाठीं होती, आणि त्याच्या मागून येणाऱ्या दुसऱ्यांच्या मुलांसाठीं होती.

येथें वैमानिकाच्या आयुष्यक्रमाकडे थोडें पाहणें जरूर आहे; कारण एक तरुण गेला म्हणजे देशाचें नेमकें काय जातें, तें त्यावरून कळतें. हजारों मुलांतून थोडीं निवडलीं जातात. वैमानिकाच्या अंगच्या गुणांची जी परीक्षा घेतात, ती आयुष्यांत एकदांच देतां येते. नापास झालेल्यास दुसरी संधि नाहीं. कांहींजण पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनींत तीन वर्षें काढतात. मग हैदराबादजवळ दुंडिगल येथें हवाई शिक्षण. तेथें पुन्हां गाळणी लागते. कोणी मालवाहू विमानांकडे जातो, कोणी हेलिकॉप्टरकडे, आणि थोडे लढाऊ विमानांकडे. पुढें अंगावरच्या पट्ट्या वाढत जातात, पथकाचें नायकत्व मिळतें, आणि चाळिशी ओलांडल्यावर आकाश हळूहळू सुटून टेबलाची खुर्ची मिळते. कोणी नव्या विमानांची पारख करणारा वैमानिक होतो. राकेश शर्मा १९७१ च्या युद्धांत मिग-२१ उडवून, त्याच वाटेनें १९८४ मध्यें अंतराळांत पोंचले. नागपूरचे प्रदीप नाईक २००९ मध्यें, आणि नांदेड जिल्ह्यांतले विवेक चौधरी २०२१ मध्यें हवाई दलाचे प्रमुख झाले. पण याहून मोठी गोष्ट ही कीं, या थोड्या माणसांतूनच शिक्षक निपजतात. जो तेविसाव्या वर्षीं गेला, तो एकटा गेला नाहीं. दहा वर्षांनीं जो गुरु झाला असता आणि ज्यानें पन्नास मुलांस ढगांतून बाहेर पडण्याची वाट दाखविली असती, तोही त्याच दिवशीं गेला.

पायरी बसविल्यावर काय होतें, हेंही सांगितलें पाहिजे. २००० ते २००५ या काळांत हवाई दलाच्या दर दहा हजार उड्डाण-तासांमागें ०.९३ अपघात होत. २०१७ ते २०२२ या काळांत तें प्रमाण ०.२७ वर आलें. यांत जुनीं मिग विमानें कमी होत गेल्याचाही वांटा आहे, आणि चांगल्या देखभालीचाही. पण हॉकवर घटवून घेतलेल्या हातांचा वांटा त्यांत नाहीं, असें कोण म्हणेल? २०१६ च्या जूनमध्यें अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंग या पहिल्या तिघी स्त्रिया लढाऊ वैमानिक म्हणून दलांत आल्या. बीदरला हॉकवरचा अभ्यास करून अवनी चतुर्वेदी यांनीं २०१८ च्या फेब्रुवारींत जामनगर येथें एकटीनें मिग-२१ उडविलें. यंत्र त्याच घराण्याचें, जुनें व तापटच होतें. मधली पायरी मात्र आतां जागेवर होती.

यावरून धडा पुरता शिकला गेला असें मात्र म्हणवत नाहीं. शिडीच्या अगदीं खालच्या पायरीचें एच्‌पीटी-३२ हें विमान वारंवारच्या अपघातांनंतर २००९ मध्यें जमिनीवर बसविण्यांत आलें, आणि त्याच्या जागीं स्वित्झर्लंडचें पिलाटस आलें तें २०१३ मध्यें. मधलीं चार वर्षें नवशिक्यास पहिलें अक्षरही किरणवरच गिरवावें लागलें. त्या किरणची जागा घेण्यासाठीं बांधलेलें सितारा हें विमान २००३ मध्यें प्रथम उडालें. दोन दशकें उलटून गेलीं तेव्हांही तें शाळेंत दाखल झालेलें नव्हतें. नव्या लढाऊ विमानांच्या खरेदीची वार्ता वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते, आणि तिच्यावर घरोघरीं चर्चा होते. शिकवणीच्या विमानाची वार्ता आंतल्या पानावर येते आणि तेथेंच राहते. राज्यकर्ते लोकांचें लक्ष जिकडे असतें तिकडे पाहतात. तेव्हां या उपेक्षेंत आपण वाचकही अगदींच निर्दोष नाहीं.

मिग-२१ आतां संग्रहालयांत व चौकांतल्या चबुतऱ्यांवर उभें राहील, आणि मुलें त्याच्याकडे कौतुकानें बोट दाखवितील. तें कौतुक त्यानें मिळविलेलें आहे. आमची अपेक्षा एवढीच कीं, एखाद्या मुलानें बापास विचारलें कीं हें विमान कोण चालवीत असे, तर बापानें त्यास युद्धांतल्या विजयाची गोष्ट सांगावी, आणि १९८२ ते २००८ या सालांचीही सांगावी.